ट्वायलाइट की व्हॅम्पायर अकॅडमी : मुलीच्या हाती आधी काय द्यावं?

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आमच्या नागपूरच्या प्रतापनगरातल्या वाचनालयात आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "ताई, ही व्हॅम्पायरची पुस्तकं पोरीला देऊ की नको?" मुलगी आठवी-नववीत, बाहेर पारा ४५ वर, दिवसभर कूलरसमोर पुस्तक घेऊन पडलेली आणि मुखपृष्ठ काळंकुट्ट. व्हॅम्पायर म्हणजे रक्त पिऊन जगणारे पिशाच्च. आईला धास्ती असते ती त्या रक्ताची आणि चुंबनांची. मला विचाराल तर रक्ताचं फारसं मनावर घेऊ नये. ते गोष्टीतलं आहे एवढं १४ वर्षांच्या मुलीला कळतं. प्रेमाचं तसं नसतं. ते ती खरं समजून वाचते, आपल्या वाट्यालाही असंच यावं असं मनात म्हणत वाचते. म्हणून पुस्तक देण्याआधी मी एकच गोष्ट तपासते. त्यातली मुलगी 'नाही' म्हणाली की पुढे काय होतं, आणि जे होतं ते लेखिकेला बरं वाटतं की वाईट.

आमच्याकडे मागणी असते ती मुख्यतः दोन मालिकांना. स्टेफनी मायरची 'ट्वायलाइट', मूळ चार भाग, २००५ ते २००८. रिशेल मीडची 'व्हॅम्पायर अकॅडमी', सहा भाग, २००७ ते २०१०. दोन्ही मुख्यतः अमेरिकेत घडतात, दोन्हींची नायिका १७ वर्षांची, आणि इंग्रजी माध्यमातल्या मुलीला दोन्हींची भाषा सोपी जाते. घरी एकच आणायची असेल तर कोणती, हे सांगण्यासाठी हा सगळा खटाटोप.

ट्वायलाइट

बेला स्वान वडिलांकडे राहायला फोर्क्स नावाच्या पावसाळी गावात येते. वर्गातला एडवर्ड तिला आवडतो. तो १९१८ च्या फ्लूच्या साथीत मरणाच्या दारात असताना व्हॅम्पायर झालेला, तेव्हापासून १७ वर्षांचाच आहे. तिच्या रक्ताच्या वासानं त्याचा जीव कासावीस होतो, तरी तो स्वतःला आवरतो. मुलींचा जीव गुंततो तो या आवरण्यात, आणि त्यात वावगं काहीच नाही. अंगात ताकद असणाऱ्यानं ती वापरू नये, घाई करू नये, हे मुलींनी आणि मुलांनीही वाचावंच. शिवाय बेलाला काय हवंय ते ती स्वतःच्या तोंडानं सांगते. आपल्या कितीतरी नायिकांना ते अजून जमलेलं नाही. तिनं कॉलेजात जावं म्हणून मागे लागतो तोही एडवर्डच. तिला कॉलेजची ओढ नसते.

पण त्याच पहिल्या भागात हा एडवर्ड रात्री गुपचूप तिच्या खोलीत शिरून, ती झोपलेली असताना तिच्याकडे बघत बसतो. तिला पत्ता नसतो. कळतं तेव्हा ती रागवायला हवी, पण ती मोहरून जाते, आणि लेखिकाही तिच्याबरोबर मोहरते. पुस्तकातलं कोणीही, एकदाही म्हणत नाही की हे बरोबर नव्हतं. आपल्याकडे मुलीनं नको म्हटल्यावरही तिचा पाठलाग करणं, संपर्क साधत राहणं २०१३ पासून गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेत त्यासाठी ७८ वं कलम आहे. शिकवणीच्या वाटेवर रोज स्कूटीच्या मागे गाडी लावणारा मुलगा ज्या मुलींनी पाहिला आहे, त्यांना हा कायदा समजावून सांगावा लागत नाही. तरी त्याच मुली हे प्रकरण वाचून "कित्ती क्यूट" म्हणतात. पुस्तकाचा जोर असा असतो.

तिसऱ्या भागातला, 'इक्लिप्स'मधला एक प्रसंग मी आयांना मुद्दाम वाचायला लावते. बेलाला जेकबला भेटायला जायचं असतं. जेकब तिचा मित्र, लांडग्याचं रूप घेणाऱ्यांपैकी एक. एडवर्डला तिथे धोका वाटतो. ती ट्रकमध्ये बसते, किल्ली फिरवते, इंजिन ढिम्म. बघते तर शेजारच्या सीटवर एडवर्ड, हातात ट्रकच्या इंजिनातून काढलेला भाग. आवाज शांत, बोलणं अदबीचं. शाळेच्या वेळेपर्यंत जोडून देईन म्हणतो. पुढे असंही म्हणतो की आज रात्री मी यायला नको असेन तर खिडकी लावून घे, मी समजून घेईन. ती घरात जाऊन खिडकी धाडकन आपटते. थोड्या वेळानं तीच खिडकी पुन्हा उघडते.

या एवढ्याशा प्रसंगात दोन्ही आहे. 'नाही' म्हणायला खिडकी ठेवली आहे, ती बंद केली तर तो येणार नाही, हा विश्वासही आहे. पण गाडी बंद पाडून झाल्यावर खिडकीचा पर्याय देणं ही कसली मोकळीक? मुलीला कुठं जायचं हे दुसऱ्यानं ठरवून टाकलं आणि तिच्याकडे उरलं ते रुसण्याचं स्वातंत्र्य. पुढे एडवर्ड एकदा गावाला जाताना बहिणीला पिवळी पोर्शे देऊन बेलाला घरात अडकवून ठेवायला सांगतो. मग त्याला उपरती होते, आणि तो स्वतःच तिला जेकबच्या हद्दीपर्यंत सोडायला जाऊ लागतो. हे पुस्तकाच्या बाजूनं सांगायलाच हवं. तो बदलतो. मात्र आधी जे केलं ते चूक होतं, हे बेला कधी ठणकावून सांगत नाही, आणि वाचणाऱ्या मुलीच्या मनात राहतो तो गाडी बंद पाडणारा, कारण प्रेमाचा पुरावा म्हणून तोच जास्त झळाळतो.

मला एडवर्डपेक्षा जेकबची जास्त काळजी वाटते. त्याच भागात जेकब बेलाचं जबरदस्तीनं चुंबन घेतो. ती त्याला बुक्का मारते, तिचाच हात मोडतो. घरी आल्यावर वडिलांना कारण कळतं, आणि ते जेकबला शाबासकी देतात. हे वडील गावाचे पोलीस प्रमुख आहेत! पुढे तोच जेकब, मी लढाईत मरून जाईन असं सुचवत तिच्याकडून चुंबन मागवून घेतो, आणि त्या क्षणी बेलाला उमगतं की आपलंही त्याच्यावर प्रेम आहे. म्हणजे नको म्हटलं तरी रेटत राहावं, जीव देण्याची भाषा करावी, शेवटी मुलगी वितळते. हा धडा मुलीपेक्षा मुलासाठी घातक आहे. आणि 'ट्वायलाइट' मुलंही वाचतात, सांगत नाहीत एवढंच.

दुसऱ्या भागाबद्दल थोडक्यात. एडवर्ड सोडून जातो, आणि बेलाचे महिनेच्या महिने पुस्तकात नुसती महिन्यांची नावं टाकून कोरी पानं म्हणून छापले आहेत. वाचताना अंगावर येतं, फार ताकदीचं आहे. पण नंतर धोका पत्करला की त्याचा आवाज ऐकू येतो म्हणून ती मोटारसायकली पळवते, कड्यावरून उडी मारते. ती मेली असं समजून तोही मरायला निघतो. नुकतंच मन मोडलेल्या मुलीला हा भाग एकटीला वाचू देऊ नये. चौथ्या भागात लग्न, मधुचंद्रानंतर अंगावर उमटलेले काळेनिळे डाग आणि ते डाग बघून हळहळणाऱ्या नवऱ्याचीच समजूत काढणारी बायको आहे. दहावीच्या आत तो नको.

व्हॅम्पायर अकॅडमी

इथली रोझ हॅथवे अर्धी व्हॅम्पायर, रक्षक होण्याचं शिक्षण घेणारी. तिची जिवलग मैत्रीण लिसा राजघराण्यातली. मालिकेचा कणा ही मैत्री आहे, आणि माझ्या मते दोन्ही मालिकांमधला सगळ्यात मोठा फरक तोच. बेलाला एडवर्ड सोडला तर जगात फार काही उरत नाही. रोझला काम आहे, मैत्रीण आहे, तापट डोकं आहे, चुका आहेत. तिचं कोणाशी जुळलं नाही तरी तिची गोष्ट चालूच राहते.

पहिल्याच भागात वर्गातली दोन मुलं तिच्याबद्दल घाणेरडं खोटं पसरवतात. शिकवणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखादा स्क्रीनशॉट फिरला की आपल्या मुली ज्यातून जातात, अगदी तेच. पुस्तक इथे मुलीला दोष देत नाही. दोष कोणाचा हे सरळ दाखवतं, आणि बदनामीनं रोझचं मैत्रिणींत बसणं-उठणं कसं अवघड होतं तेही दाखवतं. लिसा स्वतःच्या हातावर कापून घेते, आणि मग तिला डॉक्टर, औषधं, समुपदेशन मिळतं. या वयाच्या मुलींच्या पुस्तकात मदत घेणं इतकं साधेपणानं आलेलं मला फार आवडलं. आयांनी मात्र हे आधी माहीत असू द्यावं.

रोझचा प्रशिक्षक दिमित्री २४ वर्षांचा, ती १७. त्यानं लहानपणी आईला मारणाऱ्या बापाला चोपलेलं, तो विचारी आहे, आणि बराच काळ तो मागे हटत राहतो. तू माझी विद्यार्थिनी आहेस, आणि तुझ्यावर जीव लावला तर संकटात मी लिसाला सोडून तुझ्यापुढे उभा राहीन, असं तो तिला सांगतो. कारण स्पष्ट, दोघांच्या कामाशी जोडलेलं. पण तिसऱ्या भागात ती १८ ची होण्याआधी हा संयम सुटतो, आणि लेखिका ते प्रेमाचं शिखर म्हणून लिहिते. इथे मी आयांना गप्प बसू देत नाही. नागपुरात घरोघरी मुली शिकवण्यांना जातात आणि शिकवणारे 'सर' कित्येकदा जेमतेम पंचविशीचे असतात. पोक्सो कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलीची संमती धरलीच जात नाही, आणि शिक्षण संस्थेतल्या माणसानं असं काही केलं तर गुन्हा आणखी गंभीर मानला जातो. दिमित्री कितीही देखणा असला तरी हे मुलीला आपल्या तोंडून ऐकू यायला हवं.

तरीही हीच मालिका मी वर ठेवते, ती चौथ्या भागासाठी. 'ब्लड प्रॉमिस'मध्ये दिमित्री दुष्ट प्रकारचा व्हॅम्पायर झाला आहे आणि त्यानं रोझला सायबेरियातल्या एका वाड्यात कोंडून ठेवलं आहे. रोज तो तिला चावतो. त्या चाव्यात नशा असते, दिवसभर डोकं धुंद. उंची कपडे, गोड बोलणं, आणि माझ्यासारखी हो हा एकच हट्ट. ती वाट बघू लागते की तो कधी येईल. चावणं चुकतं तेव्हा कुठे तिचं डोकं ताळ्यावर येतं, आणि आपण कैदेत आहोत हे तिला दिसतं. मग ती पळते. माणूस तोच, चेहरा तोच, तिचं प्रेमही तेच, तरी पळते. आपला छळ करणाऱ्याजवळ एखादी शहाणी मुलगी का थांबते, आणि बाहेर कशी पडते, हे मी किशोरवयीनांच्या पुस्तकात इतकं उघड कुठे वाचलं नाही. इथे लेखिकेला काय म्हणायचं आहे याची वाचणाऱ्याला शंका राहत नाही.

पुस्तकांऐवजी बहुतेक मुली फोनवर 'द व्हॅम्पायर डायरीज' बघतात, त्याबद्दलही विचारणा होते. एल. जे. स्मिथची मूळ पुस्तकं १९९१ पासूनची, मालिका २००९ ते २०१७, आठ सीझन. पहिल्याच सीझनमध्ये डेमन नावाचा व्हॅम्पायर कॅरोलाइन या शाळकरी मुलीचं मन काबूत घेऊन तिला वापरतो, चावतो, तिच्याकडून हवं ते करवून घेतो. ती शुद्धीवर 'हो' म्हणूच शकत नव्हती. पुढच्या सीझनांमध्ये मालिका डेमनला नायक करून टाकते आणि कॅरोलाइनचा तो हिशोब कधी नीट चुकता होत नाही. दोन्ही पुस्तकांच्या तुलनेत मी याला सगळ्यात खाली ठेवते.

हेच प्रश्न आपल्या घरच्या गोष्टींनाही लावावेत, नाहीतर मुलीला वाटतं आईला फक्त इंग्रजी पुस्तकं खटकतात. 'सैराट'मधली आर्ची बघा. तीच परश्याकडे रोखून बघते, तीच ट्रॅक्टर चालवत येते, सगळ्यांनी कौतुक केलं ते रास्तच. पण हैदराबादेत संशयानं परश्या तिच्यावर हात उचलतो आणि ती घर सोडून निघते, त्या प्रसंगावर आपण मुलींशी किती बोललो?

आता ठरवायचं कसं. सातवी-आठवीतली मुलगी हट्ट करत असेल तर 'ट्वायलाइट'चा पहिला भाग द्या. तो त्या वयाला झेपतो, पण स्वतःही वाचा, आणि झोपेतल्या प्रसंगावर तिचं मत विचारा. तुमचं मत नंतर सांगा. तिसरा भाग नववीच्या पुढे, आणि ट्रकचा प्रसंग व बेलाच्या वडिलांनी जेकबला दिलेल्या शाबासकीचा, असे दोन्ही सोबत बसून. 'व्हॅम्पायर अकॅडमी' १५-१६ च्या आधी नको. त्यातली भाषा, मारामारी आणि शरीरसंबंध मोकळे आहेत. पण त्या वयाला एकच मालिका आणायची असेल तर मी तीच आणेन, आणि चौथ्या भागापर्यंत वाचायला सांगेन. तिसऱ्यावर थांबलेल्या मुलीच्या मनात दिमित्री फक्त हिरो म्हणून राहतो.

बंदी घालू नका. नाही म्हटलं की ती मैत्रिणीकडून पीडीएफ मागवून रात्री पांघरुणात वाचते, आणि मग तिच्याशी बोलायला कोणीच नसतं. एका आईनं 'ट्वायलाइट' वाचायला घेतल्यावर तिची लेक येऊन म्हणाली होती, "आई, तू खरंच वाचून राहिली?" आणि त्याच संध्याकाळी दोघी ट्रकच्या प्रसंगावरून भांडल्या. लेकीचं म्हणणं, त्याला काळजी होती. आईचं म्हणणं, काळजी होती तर सोबत जायचं. त्या दोघी आता 'अकॅडमी'च्या दुसऱ्या भागावर आहेत.

घरात मुलगा असेल तर मायरनं २०१५ मध्ये लिहिलेलं 'लाइफ अँड डेथ' आणा. 'ट्वायलाइट'चीच गोष्ट, मुलगा बो आणि व्हॅम्पायर मुलगी एडिथ अशी अदलाबदल केलेली. भाऊ-बहिणीला दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून वाचू द्या. जे मुलानं केलेलं गोड वाटलं, ते मुलीनं केलेलं कसं वाटतं, हे तेच एकमेकांना विचारतात.