दारू सोडायला कुठल्या गटात जावं: एए की स्मार्ट रिकव्हरी?

रोज भरपूर पिणाऱ्याने गट शोधण्याआधी डॉक्टर गाठावा. अचानक दारू थांबवली की ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, बेचैनी सुरू होते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, भान सुटतं. हे जिवावर बेतू शकतं आणि कुठल्याही सभेत आवरता येत नाही. शरीर सावरल्यावर पुढचे महिने न पिता काढायचे असतात. गट लागतो तो तिथे.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे एए, १९३५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रन शहरात बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ यांनी सुरू केलं. सभासदत्वाची अट एकच: पिणं थांबवण्याची इच्छा. फी नाही, पेटी फिरते, त्यात टाकलं नाही तरी चालतं. स्मार्ट रिकव्हरी १९९४ पासूनची, मानसोपचारातल्या वर्तन-विचार पद्धतींवर उभी.

खरा फरक सभेत बसल्यावर कळतो. एएमध्ये एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्ये प्रश्न नाही, सल्ला नाही. तुमची पाळी आली तर पहिलं नाव सांगून ‘आज फक्त ऐकतो’ एवढं म्हटलं तरी पुरतं. आडनाव कोणी विचारत नाही. स्मार्टमध्ये उलट: तुम्ही या आठवड्याची अडचण मांडता आणि बाकीचे त्यावर बोलतात, सुचवतात. कागद घेऊन चार चौकोन आखायला लावतात: पिण्याचे फायदे, पिण्याचे तोटे, न पिण्याचे फायदे, न पिण्याचे तोटे. पहिला आणि शेवटचा चौकोन प्रामाणिकपणे भरणं महत्त्वाचं, कारण तलफ तिथूनच येते. ‘लग्नात एकटा पडेन’ हे कागदावर आलं तरच त्यावर उपाय शोधता येतो. सभा चालवणारा प्रशिक्षित असतो, पण तो स्वतः कधी पीत होताच असं नाही. एएत सगळेच त्यातून गेलेले.

देवाचा प्रश्न अनेकांना अडतो. एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूपासून दूर राहण्यासाठी एकेक करून करायच्या टप्प्यांत, उच्चशक्तीचा उल्लेख आहे, मात्र तिचा अर्थ ज्याने त्याने लावायचा. कित्येक नास्तिक गटालाच ती शक्ती मानून वर्षानुवर्षं टिकतात. तेवढंही पटत नसेल तर स्मार्ट घ्या, त्यात अध्यात्म नाही.

तरीही पहिल्या तीन महिन्यांसाठी आमचं झुकतं माप एएकडे आहे, आणि त्याचं कारण स्पॉन्सर. बराच काळ न प्यायलेला एक सभासद तुमच्यासोबत पायऱ्या करतो, आणि रात्री अकराला तलफ आली की त्याला फोन करता येतो. स्मार्टमध्ये अशी व्यवस्था नाही. शिवाय एएच्या सभा बहुतेक ठिकाणी जास्त असतात. वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात २७ अभ्यास आणि १०,५६५ माणसं होती. ठरलेल्या पद्धतीने एएकडे वळवणारे उपचार सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर उपचारांपेक्षा सरस ठरले. पण ज्याला गप्प बसून ऐकणं सोसत नाही, तो एएत टिकणार नाही, आणि न टिकणाऱ्याला आकडे उपयोगाचे नाहीत. दोन्हीकडे जायलाही कोणाची मनाई नाही.

सोबत घरचं माणूस येणार असेल तर एएची खुली सभा शोधा. बंद सभा फक्त ज्यांना पिण्याची अडचण आहे त्यांच्यासाठी असते. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट १९५१ पासून आहे.

ऑनलाइन सभा आडवेळी आणि दूर राहणाऱ्यांना फार उपयोगी. तिथे बिघडतं ते असं: कॅमेरा बंद, हातात दुसरं काम, तास संपला की खिडकी बंद. प्रत्यक्ष सभेत सुरू होण्याआधीची आणि संपल्यानंतरची दहा मिनिटं सर्वांत कामाची, कारण फोन नंबर तेव्हा मिळतात. दोन-तीन नंबर घेतल्याशिवाय निघू नका.

पत्ता संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर शोधा, पण तेवढ्यावर विसंबू नका. जागा आणि वेळा बदलतात, यादी जुनीच राहते, आणि बंद दारासमोर उभा राहिलेला माणूस बऱ्याचदा परत येत नाही. हेल्पलाइनला फोन करून विचारा: ही सभा अजून भरते का, खुली की बंद, कुठल्या भाषेत, साधारण किती जण येतात?

एका सभेवरून गट नाकारू नका. निदान तीन वेगवेगळ्या गटांच्या मिळून सहा सभा करा. मात्र कोणी डॉक्टरांनी दिलेली नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट ही दारूची तलफ कमी करणारी किंवा नैराश्याची औषधं बंद करायला सांगितली, तर ऐकू नका. सभासदांनी डॉक्टरकी करू नये ही एएचीच भूमिका आहे. पैसे मागणारा किंवा नव्या माणसाशी सलगी करू पाहणारा दिसला तर गट बदला. स्पॉन्सरही असा निवडा, ज्याच्याशी प्रेमसंबंधाची शक्यता नाही.

वेळ निवडताना तुमची पिण्याची वेळ कोणती होती ते बघा आणि त्याच तासाची सभा धरा. मध्येच पुन्हा प्यायलात तर पुढच्या सभेला जा. नाव कापलं जात नाही. त्याच दिवशी प्यायला असाल तर फक्त ऐका, अनेक गटांत तशी विनंतीच असते.