मधमाश्यांसाठी लावलेली फुलझाडं : काही महिन्यांनंतरचा अनुभव

आधी निकाल सांगते. मधमाश्या यायला हव्यात आणि झाडांमागे फार राबायचं नाही, तर तुळस, केशरी-पिवळा कॉसमॉस आणि सूर्यफूल एवढ्यावर सुरुवात करा. बाकीचं नंतर, हौसेनं.

'मधमाश्यांसाठी खास' असं छापलेलं मिश्र बियांचं एक पाकीटही पेरलं होतं. त्यातून उगवलेली बरीचशी झाडं दुहेरी पाकळ्यांची निघाली. दिसायला छान, माशी एकही नाही. झेंडू किंवा झिनियाचं एक फूल म्हणजे खरं तर बारीक फुलांचा गुच्छ असतो. गोंडेदार जातींत मधल्या नळीसारख्या फुलांची जागा पाकळीवाल्या फुलांनी घेतलेली असते. पराग कमी, आणि मकरंद असलाच तरी तिथवर पोचायला वाट नाही. माश्या गोंडेदार झेंडूवर एक घिरटी घालून शेजारच्या एकेरी झेंडूवर जाऊन बसायच्या. त्यामुळे रोप निवडताना मी आता एवढंच बघते, की फुलाचा मधला भाग उघडा दिसतोय ना. पाकिटावरच्या चित्रापेक्षा ही खूण भरवशाची.

तुळशीचं कौतुक करावं तेवढं थोडं. पानं भरपूर यावीत म्हणून मंजिऱ्या खुडायच्या, हा सल्ला बरोबरच आहे. पण माश्यांना मंजिऱ्याच तर हव्यात. निम्म्या कुंड्या खुडते, निम्म्या तशाच सोडते. तिथे नेहमीच्या मधमाश्या येतातच, शिवाय पोटावर निळे पट्टे असलेली एक माशी येते. शास्त्रीय नाव अमेगिला. ती निवांत बसत नाही. फुलासमोर हवेत थांबते, लांब जीभ आधीच बाहेर काढलेली, आत घातली की लगेच पुढचं फूल. आवाजही मधमाशीपेक्षा चढा. ही एकेकटी राहते, पोळं बांधत नाही. तिचे नर संध्याकाळी वाळक्या काडीला जबड्यानं धरून ओळीनं लटकतात, म्हणून सुकलेले दांडे मी काढून टाकत नाही. टोमॅटो-वांग्याच्या फुलात पराग बंद नळीत असतो आणि टोकाच्या भोकातून बाहेर पडतो. अमेगिला अंग थरथरवून तो झाडून घेते. नेहमीच्या मधमाशीला हे जमत नाही. भाजी लावत असाल तर तुळस तिच्या शेजारीच ठेवा.

कॉसमॉस आळशी माणसाचं झाड. बी विखरा, साधारण दोन महिन्यांत फुलं. खताचा हात आखडता ठेवा, नाहीतर नुसताच पाला माजतो. तक्रारी दोन : वाऱ्यानं आडवा होतो, आणि बी इतकं सांडतं की पुढे नको तिथली रोपं उपटत बसावं लागतं.

सूर्यफूल घेताना एक विचारून घ्या. पुष्पगुच्छांसाठी परागच नसलेल्या जाती काढल्यात, त्या नकोत. साध्या जातीचं एक फूल कडेकडून आत रोज थोडंथोडं उमलत जातं, त्यामुळे माश्यांची पंगत बरेच दिवस चालते.

चिनी गुलाबाला कडक ऊन लागतं आणि दुपारनंतर दुकान बंद. पण एकेरी जातीत एक गंमत बघाच : पुंकेसरांना काडीनं हलकेच स्पर्श केला की ते त्या बाजूला वळतात. माशी आत शिरली की तिच्या अंगाला पराग लागावा म्हणून ही सोय. कोथिंबीर आणि बडीशेप फुलोऱ्यावर गेली की उपटू नका. आखूड जिभेच्या बारक्या माश्यांना तीच परवडते.

निराशा केली ती पेटुनियानं. सदाफुली बारमाही खरी, पण तिची नळी लांब आणि अरुंद, फुलपाखरांच्या कामाची. बोगनवेलीकडे माशी आली ती फुलासाठी नव्हे, पानासाठी. पानकापी माशी कडेनं गोल तुकडे कापून घरट्यात नेते. पानं कुरतडलेली दिसतात, पण वेलीला काही होत नाही. औषध मारायला धावू नका.

रंगाचं म्हणाल तर निळा, जांभळा, पिवळा चांगला. लाल रंग मधमाशीला दिसत नाही. आणि एकेक रोप सुटं लावण्यापेक्षा एकाच जातीची पाच-सहा एकत्र लावा. मधमाशी एका फेरीत शक्यतो एकाच जातीच्या फुलांवर जाते, तेव्हा विखुरलेलं एकुलतं रोप तिच्या हिशेबात बसत नाही.

फवारणीवर मात्र माझं ठाम मत आहे. इमिडाक्लोप्रिडसारखं औषध झाडाच्या अंगात भिनतं आणि पराग-मकरंदात उतरतं; युरोपीय संघानं २०१८ मध्ये त्याच्या उघड्यावरच्या वापरावर बंदी घातली. रोपवाटिकेत रोपाला आधी काय दिलंय हे विचारा, उत्तर गोलमोल आलं तर बियांपासूनच वाढवा. मावा आला की मी पाण्याच्या जोरदार धारेनं धुऊन काढते. निंबोळी अर्क लागलाच तर अंधार पडल्यावर, आणि फुलं टाळून.

पुढच्या पेरणीत मिश्र पाकीट नाही. पेटुनियाच्या कुंड्यांत सब्जा जाईल, आणि कोथिंबीर एकदम न पेरता तीन-तीन आठवड्यांच्या अंतरानं, म्हणजे एक वाफा खुडायला आणि एक फुलोऱ्यावर.