गोंधळाची पार्टी एक नंबर, फक्त माईक देऊ नका

लांज्याला चुलतभावाच्या लग्नानंतर गोंधळ होता, त्याला चिपळूणकडच्या एका पार्टीला सुपारी दिलेली, त्यांचा रिव्ह्यू टाकतोय कारण सीझनला सगळे विचारतात गोंधळी कोण चांगले आणि हल्ली निम्म्या पार्ट्या तासाभरात दोन गाणी म्हणून बिदागी घेऊन पसार होतात.

ही मंडळी रेणुराई, म्हणजे माहूरच्या रेणुकेची (तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई). चौक मांडताना कुणाला हात लावू दिला नाही. चौरंगावर कोरं कापड, तांदळाचा चौक, कलश, नारळ, विड्याची पानं आणि भोवती ५ ऊस उभे करून वर शेंडे बांधलेले. काकूने मधेच समई सरकवली तर नायकाने काही न बोलता परत जागेवर आणून ठेवली, काकूपण गप्प!

संबळवाला तर बापमाणूस. कमरेला जोड संबळ, दोन काठ्या, त्यातल्या एकीचं टोक गोल वळवलेलं, आणि हात असा चालतो की झोपलेली पोरं उठून बसली. मग आवाहन. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, एकेकाला नाव घेऊन "गोंधळा ये", आणि आम्ही न सांगता त्यांनी आमच्या रत्नागिरीकडची आडिवऱ्याची महाकाली आणि मार्लेश्वरपण घेतला, तेव्हा मागे बसलेल्या आज्यांचे हात आपसूक जोडले गेले.

बाकी गंमत बघा, पूजा करतात, भजन करतात, गोंधळ मात्र घालतात, आणि रात्री वाडीत दारू पिऊन येणारापण गोंधळच घालतो. माझा आपला अंदाज, एवढ्या देवांना एका रात्रीत एकाच अंगणात बोलवायचं, वर संबळ, झांज, हातात पेटता पोत, लांबून बघणाऱ्याला ती गडबडच वाटली असणार. बरं घातला आणि उडाला यातपण फरक आहे, घातला म्हटलं की कुणाचं तरी नाव येतं, उडाला म्हटलं की सगळे सुटले.

आमच्याकडे उडाला नाही, साऊंडवाल्याने घातला. माईकला एवढा एको की तुणतुणं ऐकूच येईना आणि नायकाचा शब्द शब्दावर आपटत होता. देवीची कृपा म्हणून लाईट गेली, मग दिवटीच्या उजेडात बिनमाईकचं जे काही ऐकलं ते खरं गाणं. लाईट आल्यावर साऊंडवाला बटणं दाबायला उठला तर मामांनी त्याला जेवायला पिटाळलं.

कमी मार्क फक्त आख्यानाला. उत्तररंगात, म्हणजे कथेच्या भागात, मधले विनोद जरा ताणले, मोबाईलवरचे जोक कशाला हवेत, मूळ कथा एवढी रंगलेली असताना. बिदागी वाजवी, ओवाळणीसाठी घासाघीस नाही. बोलवणार असाल तर दिवटीचं तेल नि ऊस आधी आणून ठेवा, मे महिन्यात ऊस बाजारात शोधत बसू नका, सरळ रसवंतीवाल्याला गाठा.