बेळगावात सायकल ग्रुप शोधला, नऊ महिने चालवली: माझा अनुभव

गेल्या सप्टेंबरात, गणपती झाल्यावर, हायब्रिड सायकल घेतली. ३२ मिमीचे टायर, मागची मोठी चकती ३४ दात्यांची. वय ४३, राहायला शहापुरात, नोकरी शाळेत. सायकल कुठली घ्यावी हे सांगणारे खूप भेटतात. बेळगावात कुणाबरोबर जावं आणि कुठल्या महिन्यात कुठल्या रस्त्याला जावं, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्या घरात सायकल फेरी म्हणजे १ नोव्हेंबरची, सीमाभागातली मराठी माणसं निषेध म्हणून पाळतात त्या काळ्या दिवसाची. बाबा दरवर्षी दंडाला काळी फीत बांधून जायचे. त्यामुळे पहाटे उठून नुसतं चालवायला म्हणून सायकल काढायची, हे घरी पटायला वेळ लागला.

पहिला ग्रुप मी मोबाईलवर शोधला. फोटो छान, जर्सी एकसारख्या, सगळे फिट. तिसऱ्याच राइडला जांबोटी रस्त्यावर किणयेच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. पुढचे केव्हाच दिसेनासे झाले होते. दोन फोन लावले, कुणी उचलले नाहीत. दुधाचे कॅन घेऊन चाललेले एक मामा थांबले. "काय ओ बाई, हवा गेली काय? चला की, पुढं दुकान हाय." ते माझ्याबरोबर गाडी ढकलत चालत आले. पंक्चरवाल्यानं ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडा शोधला, घासून ठिगळ लावलं, आणि मग पंप काही बसेना. माझ्या ट्यूबला प्रेस्टा व्हॉल्व्ह, बारीक तोंडाचा. त्याच्याकडचा पंप मोटारसायकलच्या जाड व्हॉल्व्हचा. शेवटी नवरा स्कूटरवरून घरचा पंप घेऊन आला. नऊ वाजता ग्रुपवर सगळ्यांचे सरासरी वेग आले, २८, २९, ३१. मी कुठे राहिले हे कुणीच विचारलं नव्हतं. मी त्या संध्याकाळी त्या ग्रुपमधून बाहेर पडले.

त्या व्हॉल्व्हवर एक बारकी पितळी टोपी मिळते. ती फिरवून बसवली की मोटारसायकलचा पंपही चालतो. मी दोन घेतल्या, एक माझ्या पाऊचमध्ये असते, दुसरी पुढच्या खेपेला त्या पंक्चरवाल्याला नेऊन दिली. गावाकडच्या रस्त्यांना जाणार असाल तर सुटी ट्यूब, टायर काढायची लिव्हर आणि ही टोपी एवढं आधी घ्या. महागडी जर्सी नंतर.

दुसरा ग्रुप मिळाला तो सायकल दुकानातल्या मिस्त्रीमुळे. ब्रेक बदलायला गेले होते. त्यानं विचारलं, "घरी किती वाजता परत पाहिजे?" मी म्हटलं, आठला. मग त्यानं एका काकांचा नंबर दिला. वेग किती, गाडी कुठली, हे काही न विचारता त्यानं वेळ विचारली, हे मला फार आवडलं. माझा सल्ला हाच: ग्रुप शोधायचा तर आधी मिस्त्रीला विचारा. कोण गाडी कशी वापरतं, कुणाचं कुणाशी जमतं, हे त्याला सगळं ठाऊक असतं.

या ग्रुपात सर्वात मागे एकजण ठरलेला असतो, त्याला सगळे 'शेपूट' म्हणतात. त्याच्याकडे पंप आणि ट्यूब, त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. रस्ता फुटतो तिथे पुढचे थांबतात, शेपूट दिसल्याशिवाय हलत नाहीत. आदल्या रात्री अंतर, वेग आणि परतीची वेळ कळवतात. मेसेज मराठी, कन्नड, इंग्रजी सगळ्यांत येतात, आणि चढावर दम लागला की सगळे आपापल्या भाषेत देवाचं नाव घेतात. वर्गणी नाही, नाश्त्याचे पैसे ज्याचे त्यानं द्यायचे.

उणिवाही आहेत. दुसऱ्या रेल्वे गेटवर पावणेसहाची वेळ देतात आणि निघतात सहाला. चहाला बसले की अर्धा तास सहज जातो. आम्ही बायका तीनच आहोत, आणि वाटेत स्वच्छ बाथरूम कुठे मिळेल याची यादी आम्हालाच करावी लागली. ती आता ग्रुपवर सर्वांत वर लावून ठेवली आहे.

आता रस्ते. नवीन असाल तर पहिले दोन-तीन रविवार कॅम्प, हिंडलगा, गणेशपूर एवढंच करा. कॅम्पात झाडांची सावली, वाहनं कमी. त्यानंतर बेनकनहळ्ळी, बेळगुंदी करत राकसकोप. धरणापर्यंत हळूहळू चढ-उतार आहेत, गिअर शिकायला यापेक्षा चांगला रस्ता नाही. पावसात मात्र तांबडा चिखल चाकांना चिकटतो. माझे ब्रेकचे रबर दोन महिन्यांत गेले. घरी आल्यावर रिम पुसणं आणि चेनला तेल देणं टाळू नका.

वाऱ्याचं गणित मला काकांनी शिकवलं. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे राकसकोपला जाताना तो छातीवर आणि येताना पाठीवर. थंडीत सकाळचा वारा पूर्वेचा असतो, तेव्हा उलटं होतं. जाताना उडत गेल्यासारखं वाटतं आणि दमल्यावर परतीला वारा समोर. म्हणून डिसेंबर-जानेवारीत मी अर्ध्या ताकदीनंच जाते.

येळ्ळूरचा राजहंसगड माझा सर्वांत आवडता. अंतर थोडं, पण शेवटचा चढ छाती फोडणारा. पहिल्यांदा दोनदा उतरले, मार्चमध्ये न उतरता पोहोचले. वर सिद्धेश्वराचं मंदिर आहे, २०२३ मध्ये बसवलेला शिवरायांचा पुतळा आहे. ऑक्टोबरात चढताना मागे बघितलं तर खाली येळ्ळूरची भातशेती पिवळी पडत आलेली, मधूनमधून कापलेली खाचरं, आणि वर येणारा ओल्या पेंढ्याचा वास. उतरताना मात्र दोन्ही ब्रेक आळीपाळीनं दाबत या, नुसता मागचा दाबून धरलात तर चाक घसरतं.

देवरवाडीचा वैजनाथ चंदगड तालुक्यात, म्हणजे आपण महाराष्ट्रात जाऊन नाश्त्याला परत. तिकडे नेणाऱ्या वेंगुर्ला रस्त्याबद्दल एक गोष्ट कळकळीनं सांगते. नोव्हेंबर ते मार्च गळीत हंगाम. उसाच्या ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, आणि बहुतेकांना मागचा दिवा नाही. जानेवारीत एकदा अंधारात माझ्या दिव्यात अचानक उसाचे शेंडे दिसले, ट्रॉलीपासून हातभर अंतरावर. ब्रेक लागला म्हणून वाचले. रस्त्यावर पडलेल्या कांड्यावरूनही चाक सरकतं. तेव्हापासून आमच्या ग्रुपनं नियम केला: हंगामात त्या बाजूला उजाडल्याशिवाय जायचं नाही, आणि मागचा लाल दिवा दिवसासुद्धा चालू ठेवायचा.

महामार्गावरून सुवर्ण विधानसौधापर्यंत जाणारे पुष्कळ आहेत. रस्ता गुळगुळीत आहे, पण ट्रकचा वारा अंगावर येतो, मला नको वाटतो.

ग्रुपातल्या दोघांनी २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, केली आहे, त्याला साडेतेरा तास मिळतात. मला डिसेंबरात करायची आहे. त्याआधी मोठी राइड कणकुंबीची, जाऊन-येऊन नव्वदेक किलोमीटर. मलप्रभा जिथे उगम पावते तिथे माउलीच्या देवळापाशी डबा खायचा आणि परत. पाऊस एकदा लागला की त्या बाजूला महिनोन्महिने धुकं आणि धार, म्हणून येत्या रविवारी जायचं ठरलंय. रस्ता तोच, किणयेवरून. दोघीजणी पहिल्यांदाच इतक्या लांब येतायत, आणि शेपटाची पाळी माझी आहे. दोन ट्यूब, पंप, टोपी आणि गुळ-शेंगदाण्याची पुडी आत्ताच पाऊचमध्ये भरून ठेवलीय.