व्हॅमी बार दाबला तरी सूर जागेवर

माझ्या स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या इलेक्ट्रिक गिटारचा व्हॅमी बार, म्हणजे सूर हलवायची दांडी, २ वर्षं पिशवीतच पडून होता. एकदा दाबला की गिटार बेसूर. एका ठिकाणी ‘बार काढूनच वाजवा’ म्हणाले, तेव्हा फार वाईट वाटलं. शेवटी सांगलीहून मिरजेला गेलो, सतारमेकर गल्लीजवळच्या एका छोट्या दुकानात.

काकांनी मागचं झाकण काढून दाखवलं. एकीकडून ६ तारा ब्रिजला (तारा जिथं अडकवतात त्या पट्टीला) ओढतात, दुसरीकडून स्प्रिंगा. बार दाबला की ब्रिज पुढं कलतो, तारा सैल पडतात, सूर उतरतो. सोडला की स्प्रिंगा ब्रिजला परत खेचतात. स्ट्रॅटोकास्टर बनवणारी फेंडर कंपनी १९५४ पासून याला ट्रेमोलो, म्हणजे आवाजाच्या जोराचं कंपन, म्हणत आली, पण इथं हलतो तो सूर, आवाजाचा जोर नव्हे. म्हणजे हे व्हायब्रॅटोच.

दोष स्प्रिंगांत नव्हताच. ‘जी’ (G) सुराची तार नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत अडकत होती. ट्यून करताना ‘टिंग’ असा बारीक आवाज यायचा, तो तिथलाच! सतारीची जवारी काढणाऱ्या (घोडी घासून नाद जुळवणाऱ्या) हातानं त्यांनी खाच अगदी हलके घासली, पेन्सिलीचं शिसं फिरवलं, तार चढवली, कान लावला, पुन्हा घासली. आता बार पार खाली नेऊन सोडला तरी ‘जी’ची तार बरोबर जागेवर येते. स्प्रिंगा बदलण्याआधी इथं एकदा दाखवाच.