जुन्या बुलेटचा सिलेंडर उतरवल्यावर: फक्त रिंगा बदलाव्यात की बोअर करावा?

बिडाच्या सिलेंडरची जुनी ३५० सीसी बुलेट निळा धूर सोडू लागली की मालकापुढे दोन वाटा उरतात: सिलेंडरला होनिंग करून (आतली भिंत दगडाने हलकी घासून) त्याच पिस्टनवर नवा रिंग सेट, म्हणजे पिस्टनभोवतीची लवचिक कडी, चढवणे, किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एखाद्या बोअरिंगवाल्याकडून सिलेंडरचे छिद्र (बोअर) कापून मोठे करून घेऊन पुढच्या, मोठ्या मापाचा पिस्टन बसवणे.

त्याआधी दोष रिंगांचाच आहे, याची खात्री करून घ्यावी. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या बुलेटमध्ये इंजिन ऑइलच्या टाकीतले तेल झिरपून क्रँककेसमध्ये (इंजिनच्या तळच्या पेटीत) उतरते, त्यामुळे पहिल्या किकनंतर निघणाऱ्या धुराच्या लोटावरून काहीच ठरवता येत नाही. प्लगच्या छिद्रातून चमचाभर तेल सोडल्यावर कंप्रेशन (सिलेंडरमधला दाब) स्पष्ट वाढले तर झीज रिंगांची किंवा बोअरची असते. न वाढल्यास आधी व्हॉल्व्ह तपासावेत.

खरा निर्णय धुरावर नव्हे, तर सिलेंडरच्या मापावर होतो, आणि ते माप बोअर गेज (बोअरचा व्यास मोजायचे साधन) नसतानाही काढता येते. एक रिंग पिस्टनच्या माथ्याने ढकलून सिलेंडरच्या तळाशी, जिथे झीज जवळपास नसते, सरळ बसवावी आणि तिच्या तोंडातील फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी. मग तीच रिंग वर, जिथे झीज सर्वाधिक असते, तिथे आणून पुन्हा मोजावी. माझ्या गाडीत खाली ०.३० आणि वर ०.७० मिलिमीटर भरले. फरकाला ३.१४ ने भागले की व्यासातील झीज मिळते. येथे ती सुमारे ०.१३ मिलिमीटर होती. अशा बोअरमध्ये नवी रिंग प्रत्येक फेरीत वर फाकते आणि खाली आवळली जाते. शिवाय वरच्या न झिजलेल्या कडेवर तिचा कोरा काठ आपटून ती तुटण्याचा धोका असतो. माझ्या मते ही झीज ०.०५ च्या आत असल्यास रिंगा पुरेशा आहेत, ०.१० च्या पुढे बोअरच करावा, आणि मधल्या पट्ट्यात गाडी वर्षाकाठी किती धावते, ते पाहावे.

खर्चाबाबत एक गैरसमज आहे. पेट्रोलची टाकी, हेड आणि सिलेंडर उतरवण्याची मजुरी आणि गॅस्केट दोन्हींत सारखेच लागते, म्हणून रिंगांवर भागवल्याने वाचतो तो केवळ पिस्टनचा आणि बोअरिंगचा पैसा. तरीही सरसकट बोअर करू नये, कारण ७० मिलिमीटरच्या या सिलेंडरमधून कापलेले बीड परत येत नाही आणि शेवटच्या मापानंतर स्लीव्ह (आतून बसवायची नवी नळी) ठोकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. बोअर करायचाच असेल तर पिस्टन आधी विकत घ्यावा आणि सिलेंडर त्याच्याच मापाने कापून घ्यावा. हे उलट्या क्रमाने करणारे कारागीर मी पाहिले आहेत.

होनिंगनंतर सिलेंडर नुसत्या रॉकेलने नव्हे, तर गरम साबणाच्या पाण्याने, पांढरे फडके काळे होईनासे होईपर्यंत धुवावा. नवा पिस्टन घट्ट असल्याने बोअर केलेली गाडी घोडबंदर रस्त्याच्या वाहतूक कोंडीत तापवू नये, कारण तिथे पिस्टन पकडू शकतो, म्हणजे सिलेंडरमध्ये अडकू शकतो. फक्त रिंगा बदललेल्या गाडीत हा धोका कमी असतो, उलट ती फारच हळू चालवली तर रिंगा नीट बसत नाहीत. मी बोअर करून घेतला आणि पहिले ५०० किलोमीटर रविवारी पहाटे, कळवा पूल ओलांडून ठाणे-बेलापूर रस्त्याने पाम बीचपर्यंत जाऊन, वेग सतत कमी-जास्त करत पूर्ण केले.