स्प्रे टॅनवरचा अखेरचा हात: पावडर, वारा की तेल?

मेलबर्नमध्ये ऑक्टोबर उजाडला की टॅन करणाऱ्या पार्लरचा फोन थांबत नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी मेलबर्न कप, आधीच्या शनिवारी डर्बी डे, नंतरच्या गुरुवारी ओक्स डे. बिनबाह्यांचा ड्रेस घालून फ्लेमिंग्टनच्या रेसकोर्सवर निघालेल्या कितीतरी जणींना हातापायांवर सोनेरी-तपकिरी झाक हवी असते. यंत्राखाली झोपून ती मिळवण्याचा जमाना इथे सरला. क्लेअर ऑलिव्हर ही मेलबर्नची तरुणी २००७ मध्ये, वयाच्या २६व्या वर्षी मेलानोमाने, म्हणजे त्वचेच्या कर्करोगाने, गेली. जाण्याआधी तिने सोलारियमविरुद्ध, म्हणजे अंग टॅन करणाऱ्या या यंत्रांविरुद्ध, जाहीर आवाज उठवला होता. २०१५ उजाडेपर्यंत व्हिक्टोरियासह बहुतेक राज्यांनी व्यावसायिक सोलारियमवर बंदी आणली. मग उरला बाटलीतला रंग, म्हणजे फवारणीच्या गनने अंगावर मारायचा स्प्रे टॅन. पुण्यामुंबईत डी-टॅनचे पॅक लावून हात बसलेल्या आपल्या मुली इथे येऊन लोकांना टॅन चढवतात, याचं हसू येतंच. पण काम बरं आहे, आणि घरच्या एका खोलीत सुरू करता येतं. तसं सुरू करायच्या विचारात असाल तर हा आढावा तुमच्यासाठी.

गन कशी धरायची, किती अंतरावरून मारायची, हे कोर्समध्ये नीट शिकवतात. गन खाली ठेवल्यावरच्या दहा मिनिटांचं, म्हणजे फिनिशचं, मात्र ज्याचं त्याचं वेगळं. एक ट्रेनर म्हणते, पावडर लावल्याशिवाय क्लायंटला दाराबाहेर सोडू नका. दुसरी म्हणते, पावडरने रंग मरतो. तिसरी स्वतःच्याच शिमरची, म्हणजे अंगाला चमक आणणारी, बाटली पुढे करते. क्लायंट इथून निघून कुठे जाणार, हे मात्र तिघींपैकी कुणीच विचारत नाही, आणि माझ्या मते सगळं त्यावरच ठरतं.

फिनिशने रंग येत नाही

टॅन मारल्याबरोबर आरशात दिसतो तो गाइड कलर. कुठे मारलं, कुठे राहिलं हे आपल्याला दिसावं म्हणून सोल्युशनमध्ये घातलेला साधा रंग; पहिल्या अंघोळीला वाहून जातो. खरं काम करतं ते डीएचए, म्हणजे डायहायड्रॉक्सिअॅसिटोन. ही एक साधी साखर आहे. त्वचेच्या सर्वांत वरच्या मृत थरातल्या अमिनो आम्लांशी तिची जी प्रक्रिया होते, ती पाव भाजताना त्याच्या कडा तपकिरी करणाऱ्या प्रक्रियेच्याच कुळातली. रंग दोन-चार तासांत दिसू लागतो, पुरता बसायला ८ ते २४ तास लागतात, आणि मृत थर झडेल तसा साधारण आठवड्याभरात उतरतो.

डीएचएचा हा गुण सापडला तो अपघाताने. १९५०च्या दशकात सिनसिनाटीत इव्हा विटगेनस्टाइन या संशोधिका आजारी मुलांना ही साखर तोंडावाटे देत होत्या. ती सांडली तिथे मुलांची कातडी तपकिरी झाली, कपड्यांवर मात्र डाग पडला नाही. म्हणूनच चादरीला लागतो तो बहुतेक वेळा गाइड कलर, आणि तो धुतला की निघतो. अपवाद रेशीम आणि लोकरीचा. ती मुळात प्रथिनंच, त्यांच्यावर डाग पक्का बसू शकतो. क्लायंट आपल्यातली असेल आणि लग्नाला निघाली असेल, तर पैठणी पहिल्या अंघोळीनंतरच अंगाला लावायची, हे बजावून सांगा.

थोडक्यात, फिनिशने रंग गडद होत नाही की जास्त दिवस टिकत नाही. क्लायंट निघते तिथपासून पहिल्या अंघोळीपर्यंतचे तास निभावून नेणं, एवढंच त्याचं काम. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा: “इथून निघून कुठे जाणार?” गाडीने थेट घरी जाऊन सोफ्यावर पसरणारी आणि ट्रॅमने उभ्याने जाऊन पुढे रेस्टॉरंटमध्ये शिफ्ट करणारी, या दोघींना एकच फिनिश देऊन चालत नाही.

पावडर

पावडर ओलावा पिते आणि घडीत कातडीवर कातडी घासू देत नाही. कोपराची आतली बाजू, गुडघ्यामागचा खळगा, काखा, स्तनांखाली, मांड्यांमध्ये, मानेच्या वळ्या: घाम साचतो ती ही ठिकाणं, आणि सकाळी पांढरे पट्टे उमटतात तेही इथेच. अंगभर थापायची गरज नसते. चेहऱ्यावर तर मी जवळजवळ लावतच नाही.

चुकतं ते वेळेत. बोटांच्या मागच्या बाजूने क्लायंटच्या दंडाला हलकेच टेकून बघा. कातडी बोटाला किंचित ओढून धरत असेल, तर अजून थांबा. ओल्या अंगावर पावडर पडली की तिचे बारीक गोळे होतात, गळताना खालचं सोल्युशनही घेऊन जातात, आणि दुसऱ्या दिवशी तिथे फिकट ठिपके दिसतात. “पावडरने रंग मरतो” ही ओरड बरीचशी इथूनच आली आहे. बाकीची ओरड आरशामुळे. पावडर गाइड कलरवर बसते आणि तो मंद दिसतो, मग क्लायंट म्हणते, “फिकटच झालंय की!” हे आधीच सांगून ठेवलं की वाद होत नाही. मोठ्या मऊ ब्रशने दाबत, टेकवत लावायची, घासायची नाही.

टाल्क नकोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं, आणि एवढ्याशा खोलीत दिवसभर ती धूळ श्वासात घेणार तुम्ही. मक्याच्या स्टार्चची किंवा आरारूटची घ्या. मग घरातलं कॉर्नफ्लोअरच का नको, असं वाटेल. पण उद्या कुणाच्या अंगावर पुरळ उठलं तर काय लावलं होतं याचं उत्तर डब्यावर छापलेलं असलेलं बरं. आणि एकीच्या अंगावर फिरवलेला ब्रश परत डब्यात बुडवायचा नाही. प्रत्येकीसाठी कागदी कपात थोडी काढून घ्या, उरली तर टाकून द्या, ब्रश धुतलेला वापरा.

एक गंमत राहिलीच. डाग दिसू नयेत म्हणून आपण सगळ्यांना सैल काळे कपडे घालून यायला सांगतो, आणि त्याच काळ्यावर पावडर खडूच्या धुळीसारखी उठून दिसते. थेट ऑफिसात जाणारीला हे मुळीच खपत नाही.

वारा

टर्बाइनवर चालणाऱ्या मशीनची हवा मुळातच कोमट असते. सोल्युशनचा नॉब बंद करायचा आणि नुसती हवा, मारलं त्याच क्रमाने, अंगावर फिरवायची. नाहीतर स्टँडवरचा ड्रायर किंवा साधा टेबलफॅन. कातडीवर वेगळं काहीच बसत नाही, हा याचा मोठा फायदा. दमा, एक्झिमा, सुगंधाची अॅलर्जी असलेल्यांना मी पावडरऐवजी हेच देते.

तोटा वेळेचा. अंग नीट सुकायला पाचेक मिनिटं तरी जातात, आणि कपच्या आठवड्यात वीस-वीस मिनिटांचे स्लॉट लावले असतील तर दुपारपर्यंत बाहेर रांग लागते. शिवाय वाऱ्याने आत्ताचा ओलावा जातो, तासाभराने येणाऱ्या घामाचं काय? मेलबर्नच्या नोव्हेंबरात सकाळी स्वेटर आणि दुपारी ३० अंश, हे काही नवलाचं नाही. केस वाळवायचा ड्रायर गरमवर ठेवून घाई केली तर घाम तिथल्या तिथेच फुटतो आणि सगळं मुसळ केरात.

याबद्दल कोर्समध्ये फारसं कुणी बोलत नाही अशी एक गोष्ट आहे. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे अन्न आणि औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, १९७७ मध्ये डीएचएला मान्यता दिली ती बाहेरून लावण्यापुरती. डोळे, ओठ, नाकाची आतली बाजू यांना ते लागू नये, श्वासात जाऊ नये, असं ती संस्था सांगते. फवारा मारून झाल्यावर त्याचे बारीक थेंब हवेत तरंगत असतात, आणि लगेच पंखा लावला तर ते परत क्लायंटच्या तोंडावर येतात. आधी एक्स्ट्रॅक्शन फॅनला, म्हणजे खोलीतली हवा बाहेर ओढणाऱ्या पंख्याला, खोली साफ करू द्या, तोवर तिच्या नाकातले फिल्टर काढू नका, मग वारा. तुमच्या स्वतःच्या मास्कलाही हाच नियम.

तेल आणि शिमर

ताज्या टॅनवर नको. तेलाने गाइड कलर सरकतो, डीएचए बसायच्या आत पट्टे पडतात. पहिल्या अंघोळीनंतर, कार्यक्रमाच्या दिवशी, नडगीवर आणि खांद्याच्या हाडावर ड्राय ऑइलचा हलका हात छान दिसतो, फोटोत तर फारच. विकायला ठेवा, लावून पाठवू नका. तिला एवढंही सांगा की टॅन म्हणजे सनस्क्रीन नव्हे. रेसकोर्सवर नोव्हेंबरचं ऊन कडक असतं, आधी सनस्क्रीन, मग चमक.

हात आणि पाऊल

तुमचं नाव होतं ते इथे, आणि जातं तेही इथेच. पाठीवरचा पट्टा कुणी बघत नाही. शॅम्पेनचा ग्लास धरलेल्या हाताची बोटांची पेरं काळपट आणि नखं पिवळी दिसली की सगळ्या टेबलाला कळतं. कारण सरळ आहे: तळव्यांचा आणि सांध्यांवरचा मृत थर जाड आणि कोरडा, म्हणून तो रंग जास्त ओढतो.

इथे तीन पद्धती आहेत. पहिली, आधी बॅरियर क्रीम, म्हणजे खाली रंग बसू न देणारी क्रीम, लावायची. तळवे, नखं आणि त्यांच्या कडा, टाचा यांवर ती चोख काम करते, पण हात सैल सुटला आणि क्रीम मनगटापर्यंत गेली तर तिथे बांगडीसारखी पांढरी रेघ उमटते. दुसरी, मारून झाल्यावर ओल्या वाइप्सने पुसायचं. झटपट होतं, चुका निघतात, पण तळहाताच्या कडेला रंगाची सुरी फिरवल्यासारखी सीमा राहते. तिसरी, कोरड्या कबुकी ब्रशने, म्हणजे आखूड, दाट केसांच्या ब्रशने, घोटायचं. सर्वांत सुंदर आणि सर्वांत वेळखाऊ.

मी तिन्हींचा थोडा थोडा भाग घेते. क्रीम फक्त तळवे आणि नखांपुरती, मटारच्या दाण्याएवढी दोन्ही हातांना मिळून. मग क्लायंटला बोटं पंजासारखी वाकवायला सांगायची, म्हणजे पेरांवरच्या सुरकुत्या ताणल्या जातात, आणि गन एरवीपेक्षा दुप्पट लांब धरून एकच झटका. मनगटावर जो रंग आहे तोच ब्रशने गोल गोल फिरवत खाली बोटांकडे आणायचा, नवीन घालायचा नाही. शेवटी तर्जनीला वाइप गुंडाळून एकेक नख, मग बोटांमधल्या बेचक्या. तळहाताची कडा वाइपने पुसल्यावर परत एकदा कोरड्या ब्रशने मोडायची. पावलांनाही असंच, घोट्यापासून खाली, आणि टाचेच्या मागच्या शिरेवर ब्रश जरा जास्त. वेळ कमी असेल तर अंगाची पावडर सोडा, पण हे सोडू नका.

कोड असलेल्या लोकांच्या पांढऱ्या डागांवर रंग जुळवायलाही डीएचए वापरतात. तशी चौकशी आली तर आधी त्वचारोगतज्ज्ञाला विचारून यायला सांगा. काम गनचं नाही, छोट्या ब्रशचं आहे, आणि सगळी कसोटी डागाच्या कडेवर लागते.

दोन तासांचा टॅन असेल तर

हल्ली एक्स्प्रेस सोल्युशन मागणाऱ्याच जास्त. एक ते तीन तासांनी कोमट पाण्याने, साबण न लावता धुवायचं; त्यानंतरही रंग पुढचे काही तास गडद होत राहतो. क्लायंट तेवढा वेळ घरीच बसणार असेल तर पावडरचा फारसा उपयोग उरत नाही, वारा पुरतो. रात्रभर ठेवायच्या टॅनला मात्र झोपेतला घाम, गालाखाली घेतलेला हात, दुमडलेले गुडघे हे सगळं सोसायचं असतं. तिथे घड्यांमध्ये पावडर हवीच.

एक्स्प्रेसचा खरा धोका वेगळा: त्यात डीएचएचं प्रमाण बऱ्याचदा जास्त असतं, आणि सोफ्यावर डोळा लागला की दोन तासांचे आठ होतात. धुवायची वेळ तोंडी सांगू नका. तुमच्यासमोरच तिच्या फोनवर अलार्म लावायला सांगा.

पैसे कशावर घालावेत

सुरुवातीला हातात थोडेच पैसे असतात. घरच्या खोलीत काम करणार असाल तर पहिला खर्च एक्स्ट्रॅक्शन फॅनचा, मग दोन-तीन चांगले कबुकी ब्रश, म्हणजे एक वाळत असताना दुसरा हाती असेल. पावडरचा डबा स्वस्त, भरपूर पुरतो. वाऱ्यासाठी आहे त्या मशीनची हवा वर्षभर चालेल, स्टँडवरचा ड्रायर नंतर. लोकांच्या घरी जाऊन करणार असाल तर हिशेब उलटतो: तिथे एक्स्ट्रॅक्शन नाही, खोली तुमची नाही, आणि पावडर क्लायंटच्या कार्पेटवर सांडते. तिथे वारा, वाइप्स, ब्रश एवढंच न्या, घड्यांपुरती पावडर छोट्या डबीत घाला, आणि खाली अंथरायला एक जुनी काळी चादर.